पाण्याच्या दाबाला लगाम घालणारा वकील

न्यूकॅसल सोडून वायव्येस स्कॉटलंडच्या सीमेकडे निघाले की काही वेळाने कील्डरचे अरण्य लागते. इंग्लंडमधील हे सर्वांत मोठे मानवनिर्मित जंगल. रस्त्याच्या कडेला सोललेल्या-न सोललेल्या ओंडक्यांच्या राशी आणि त्या उचलणाऱ्या लोखंडी क्रेन हे तेथील नित्याचे दृश्य आहे. मोठ्या जंगलांत या कामासाठी स्वतंत्र अवजड वाहने असतात. लहान वनमालक आणि शेतकरी मात्र आपल्या ट्रॅक्टरलाच मागे ट्रेलर जोडतात. त्या ट्रेलरच्या पुढच्या टोकाशी तेलाच्या दाबावर चालणारी एक छोटी क्रेन बसवलेली असते. तिला मराठीत यारी असा सुटसुटीत शब्द आहे, परंतु तो आता शासकीय कागदांपलीकडे फारसा आढळत नाही.

जुन्या ट्रेलरवर झडपांचा एक ठोकळा आणि त्यावर सहा-आठ तरफांची रांग असते. एक तरफ क्रेन डावी-उजवीकडे वळवते, दुसरी मुख्य बाहू उचलते, तिसरी पुढचा बाहू दुमडते, चौथी तो लांबवते, पाचवी पंजा फिरवते आणि सहावी तो उघडते-मिटते. चालकाने पावसात बाहेर उभे राहून किंवा पाठ पिळवटून हे सारे करायचे. म्हणून अलीकडे अनेक जण जुना ठोकळा काढून विद्युत संकेतावर चालणाऱ्या झडपा बसवतात आणि ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये दोन लहान दांडे घेतात. येथे एक मेख असते. स्वस्तातल्या झडपा केवळ उघडतात किंवा मिटतात. त्यांच्यामधली अवस्था त्यांना ठाऊक नसते. परिणामी क्रेन हिसका देते, ओंडका झोकांडतो आणि पिन व सांधे खिळखिळे होतात. हात जितका हलेल तितकीच उघडणारी झडप महाग असते, आणि ट्रॅक्टरच्या पंपाचा प्रवाह तिला मानवणारा नसेल तर तीही वाया जाते. शक्ती तीच, बाहू तेच, तेलही तेच. पैसा खर्च होतो तो केवळ अर्धा टन ओझे हळुवार थांबावे यासाठी.

नेमका हाच प्रश्न १८४६ च्या सुमारास न्यूकॅसलच्या धक्क्यावर एका माणसाने हाती घेतला आणि सोडवला. तो अभियंता नव्हता. तो वकील होता, आणि त्याच्या हातून घडले तेही एका जुन्या क्रेनचे अद्ययावतीकरणच होते.

विल्यम जॉर्ज आर्मस्ट्राँग यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८१० रोजी न्यूकॅसलच्या शील्डफील्ड भागात झाला. वडील धान्याचे व्यापारी. पुढे १८५० मध्ये ते शहराचे महापौर झाले. मूल प्रकृतीने नाजूक होते. हिवाळ्याचे महिने घरातच काढावे लागत आणि त्या कोंडलेल्या दिवसांत जुने चरखे, दोरे, वजने आणि जिन्याचा कठडा यांच्यापासून चालती यंत्रे बनवणे हा त्याचा विरंगुळा होता. उन्हाळ्यात कुटुंब रॉथबरी या गावी जाई. तेथे कोकेट नदीवर मासे धरण्याचा नाद त्याला लागला आणि तो जन्मभर सुटला नाही. या दोन नादांपैकी पहिला त्याला शिकवणारा होता आणि दुसरा, पुढे दिसेल त्याप्रमाणे, दृष्टी देणारा ठरला.

वडिलांचे एक मित्र होते, आर्मरर डाँकिन. शहरातले नामांकित सॉलिसिटर, निपुत्रिक, आणि या मुलावर जीव लावणारे. मुलाने वकिली शिकावी आणि आपली पेढी चालवावी, असे दोन्ही घरांनी ठरवून टाकले. मुलाचा कल यंत्रांकडे आहे हे सर्वांना दिसत होते, पण त्या काळी प्रतिष्ठित घराला अभियंत्याचा पेशा भरवशाचा वाटत नव्हता. आज आपल्या घरांत अभियांत्रिकीला जे स्थान आहे ते तेव्हा वकिलीला होते, एवढाच फरक. मुलाचा कल पाहून निर्णय घेण्याची पद्धत तेव्हाही नव्हती. बिशप ऑकलंडच्या शाळेत असताना तो विल्यम रॅमशॉ यांच्या कारखान्यात वारंवार जाई. तेथे त्याला यंत्रेही भेटली आणि रॅमशॉ यांची कन्या मार्गारेटही. ती त्याच्याहून वयाने मोठी होती. लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेऊन १८३३ मध्ये तो परतला, १८३५ मध्ये पेढीचा भागीदार झाला आणि त्याच वर्षी मार्गारेटशी त्याचा विवाह झाला. पुढची अकरा-बारा वर्षे विल्यम आर्मस्ट्राँग यांनी मृत्युपत्रे, खरेदीखते आणि कज्जे सांभाळले, तेही अप्रामाणिकपणे नव्हे. चांगले वकील म्हणून त्यांचा लौकिक होता.

पेनाइन्सच्या डोंगराळ भागात डेंटडेल नावाचे खोरे आहे. तेथील डी नदीवर मासेमारी करीत असताना आर्मस्ट्राँग यांना एक पाणचक्की दिसली. संगमरवराच्या खाणीतील यंत्रांना ती शक्ती पुरवत होती. मागे डोंगरावरून शेकडो फूट उतरत येणारा प्रवाह आणि त्याच्या पायथ्याशी काही फुटांची ही चक्की, हे चित्र त्यांच्या मनात रुतून बसले. पाणी चक्कीवर पडते तेवढ्याच उंचीचा उपयोग होतो. त्याआधीचा सारा उतार फुकट जातो. तेच पाणी उंचावरच नळात कोंडले आणि खाली आणले तर नळाच्या तळाशी त्या संपूर्ण उंचीचा दाब हाती लागेल. दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा तळाशी सुमारे एक बार, म्हणजे साधारण वातावरणाएवढा, दाब होतो. हे गणित नवे नव्हते. जोसेफ ब्रामा यांनी पन्नासएक वर्षांपूर्वी द्रवाच्या दाबावर चालणारे शक्तिशाली दाबयंत्र बनवले होते. परंतु ते यंत्र दाबण्याचे एकच काम संथपणे करी. दाबाला चपळ आणि आज्ञाधारक बनवण्याचे काम बाकी होते.

आर्मस्ट्राँग यांनी आधी पाण्यावर फिरणारे एक इंजिन बनवून घेतले. त्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. फिरत्या चाकाची गरज भागवायला वाफेचे इंजिन होतेच. अपयश पदरी घेऊन ते विचार करीत राहिले आणि त्यांच्या लक्षात आले की पाण्याच्या दाबाचा गुण अखंड फिरण्यात नाही. जे काम थांबून-थांबून करायचे असते, ज्यात मध्येच जोर लागतो आणि मध्येच मुळीच लागत नाही, तेथे वाफेचे इंजिन निष्कारण कोळसा जाळत उभे राहते; नळातले पाणी मात्र झडप उघडेपर्यंत गप्प बसते. असे काम म्हणजे ओझी उचलणे.

याच सुमारास त्यांनी विजेतही डोके घातले. जवळच्या एका कोळसा खाणीत बाष्पकावर काम करणाऱ्या माणसाला गळणाऱ्या वाफेतून विजेचा झटका बसला होता. त्याचे कारण शोधता शोधता आर्मस्ट्राँग यांनी वाफेच्या फवाऱ्यातून स्थितिक वीज निर्माण करणारे यंत्र बनवले. त्याचे प्रयोग पाहायला गर्दी लोटे. १८४६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले ते मुख्यतः या कामामुळे. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी एका चालत्या वकिलाला हा मान मिळाला.

क्रेनची संधी मात्र पिण्याच्या पाण्याने दिली. १८४५ मध्ये न्यूकॅसलला शहराबाहेरील व्हिटल डीन येथील जलाशयांतून नळाने पाणी आणण्याची योजना आखली गेली आणि त्या कंपनीचे चिटणीस आर्मस्ट्राँग होते. शहर उतारावर वसलेले आहे. वरच्या वस्तीला पुरेल एवढा दाब नळात ठेवला की खाली टाइन नदीच्या धक्क्यावर तो गरजेपेक्षा कितीतरी अधिक होतो. हा जादा दाब वाया घालवण्यापेक्षा धक्क्यावरील एक क्रेन त्यावर चालवू द्या, असा प्रस्ताव त्यांनी नगरपालिकेपुढे ठेवला. जहाजे अधिक वेगाने आणि कमी खर्चात रिकामी करून दाखवण्याची हमी दिली. पालिकेने मान्यता दिली आणि हाताने फिरवायच्या एका जुन्या क्रेनचा कायापालट सुरू झाला.

या क्रेनची रचना समजून घेण्याजोगी आहे, कारण ओंडके उचलणाऱ्या आजच्या क्रेनशी तिचे नाते तेथेच जुळते. नळकांड्यातील दट्ट्याला पाणी ढकलते. पण दट्ट्याचा प्रवास असून असून काही फुटांचा. जहाजाच्या तळातून माल धक्क्यावर आणायला त्याच्या कित्येक पट उंची लागते. म्हणून आर्मस्ट्राँग यांनी नळकांड्याच्या आणि दट्ट्याच्या टोकांना कप्प्या बसवल्या आणि साखळी त्यांच्यावरून अनेक वेढे घेऊन नेली. दट्ट्या एक फूट सरकला की आकडा कित्येक फूट वर जाई. जोर कमी होई, पण नळात जोर भरपूर होता. उचलण्यासाठी एक तरफ आणि वळवण्यासाठी दुसरी. दोन्ही एका माणसाच्या हाताशी.

खरी अडचण पुढे होती. वाफ दबते, पाणी दबत नाही. वळत असलेली क्रेन एकदम थांबवायची म्हणून चालकाने तरफ मिटली की टांगलेल्या ओझ्याचा सारा संवेग कोंडलेल्या पाण्यावर येई आणि पाणी तो जसाच्या तसा नळाला व सांध्यांना देई. हिसका बसे, क्वचित काहीतरी फुटे. यावर उपाय म्हणून आर्मस्ट्राँग यांनी लहान झडपा योजल्या. ठरावीक मर्यादेपलीकडे दाब चढला की त्या आपोआप उघडत आणि पाण्याला वाट करून देत, म्हणजे ओझे झटक्याने न थांबता मऊपणे थांबे. लाकूडवाहू ट्रेलरच्या क्रेनमध्ये वळणाच्या यंत्रणेवर आजही याच कामासाठी झडपा असतात. पाण्याच्या जागी तेल आले आहे आणि दाब दोनशे बारच्या आसपास गेला आहे, एवढेच.

न्यूकॅसलच्या धक्क्यावरील ही क्रेन चालवणाऱ्या कामगाराला लोक हायड्रॉलिक जॅक म्हणू लागले. आर्मस्ट्राँग यांच्या यशात या माणसाचा वाटा चरित्रकार सहसा गमतीच्या एका परिच्छेदात उरकतात; मला तो त्याहून मोठा वाटतो. लिव्हरपूल बंदराचे मुख्य अभियंता जेसी हार्टली हे हट्टी आणि नवलाईला न भुलणारे गृहस्थ. ते प्रथम ही क्रेन पाहायलाच तयार नव्हते. अखेर ते गाजावाजा न करता न्यूकॅसलला आले आणि थेट धक्क्यावर गेले. जॅकने त्यांना काय करून दाखवले याची हकीकत पुढे अनेकांनी सांगितली आहे. त्याने ओझे वेगाने खाली सोडले आणि जमिनीला टेकण्याआधी अलगद थोपवले. मग उचलता उचलताच ते एका बाजूस आणि दुसऱ्या बाजूस फिरवले. दोन तरफा, दोन हात, आणि त्यांच्यामध्ये बोलणे नाही. हार्टली यांचे मत तेथेच फिरले. १८४८ पासून लिव्हरपूलच्या अल्बर्ट डॉकमध्ये पाण्याच्या दाबावर चालणारी उचलयंत्रे काम करू लागली. यंत्र विकले ते शोधकाने नव्हे. यंत्रावर हात बसलेल्या माणसाने विकले.

धक्क्यावर आणखी तीन क्रेन बसल्या आणि वकिलीचा निरोप घेण्याची वेळ आली. डाँकिन यांनी या दत्तकतुल्य भागीदाराला अडवले नाही. उलट, नव्या उद्योगात स्वतःचे पैसे घातले. १८४७ मध्ये आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाइनच्या काठी एल्सविक येथे साडेपाच एकर जागा घेतली. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. पहिल्या मागण्या क्रेनच्याच होत्या: एडिंबरो अँड नॉर्दर्न रेल्वेची, लिव्हरपूलची, आणि ग्रिम्सबी बंदराच्या दारांच्या यंत्रांची. १८५० साली कारखान्यात तीनशे माणसे होती आणि वर्षभरात ४५ क्रेन बाहेर पडल्या.

ग्रिम्सबीला गेलात तर बंदरावर इटालियन धाटणीचा एक उंच, सडपातळ मनोरा दिसेल. सिएना शहरातील मनोऱ्याच्या धर्तीवर बांधलेला हा मनोरा ९४ मीटर उंच आहे आणि त्याला पाहून बहुतेकांना ते एखादे स्मारक वाटते. प्रत्यक्षात ती पाण्याची टाकी आहे. बंदराच्या सपाट भूमीवर डोंगर नव्हता, म्हणून सुमारे साठ मीटर उंचीवर पाणी साठवून दाब निर्माण करण्यासाठी तो उभारला गेला. १८५२ मध्ये तो पूर्ण झाला तेव्हाच कालबाह्य होऊ लागला होता, आणि याला जबाबदार आर्मस्ट्राँगच. हंबर नदीच्या मुखाजवळ न्यू हॉलंड येथे भुसभुशीत वाळूत असा मनोरा उभा करणे परवडणारे नव्हते. तेव्हा त्यांनी पाण्याला उंचावर नेण्याऐवजी त्याच्यावर ओझे ठेवले. एका रुंद उभ्या नळकांड्यात दट्ट्या, दट्ट्यावर खडी भरलेली प्रचंड पेटी, आणि वाफेच्या पंपाने त्याखाली भरलेले पाणी. पेटी सतत खाली दाबत राहते; क्रेनने पाणी घेतले की ती उतरते, पंप भरतो तशी वर येते. या संचायकाने चाळीस बारच्या वर दाब सहज मिळू लागला. तेवढ्यासाठी मनोरा बांधायचा तर तो चारशे मीटरहून उंच करावा लागला असता.

संचायकाने शक्ती जागेपासून मुक्त केली. डोंगर नको, जलाशय नको; पंप आणि पेटी असली की जगातील कोणत्याही बंदरात क्रेन, पूल, दारे, लिफ्ट चालवता येऊ लागली. एल्सविकमधून शतकाच्या उरलेल्या काळात वर्षाला सरासरी शंभर क्रेन बाहेर पडल्या. व्हेनिसच्या आर्सेनलमध्ये १८८० च्या दशकात बसवलेली १६० टनी क्रेन तर अजून उभी आहे.

येथवरची कथा निर्मळ आहे. पुढची तशी नाही.

१८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात अवजड तोफा चिखलातून ओढताना ब्रिटिश सैन्याची दमछाक झाली. त्या बातम्या वाचून आर्मस्ट्राँग तोफेच्या रचनेकडे वळले. लोखंडी पट्ट्या वेटोळ्याने गुंडाळून घडवलेली, आतून पेचदार खाचा असलेली आणि मागून भरायची हलकी तोफ त्यांनी बनवली. तिचे एकस्व त्यांनी मोबदल्याविना सरकारला देऊन टाकले; १८५९ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली आणि सरकारी नेमणूकही. थोड्याच वर्षांत सैन्य पुन्हा पुढून भरायच्या तोफांकडे वळले, सरकारी काम सुटले आणि एल्सविकने जगाची बाजारपेठ धरली. अमेरिकेतील यादवी युद्धात दोन्ही बाजूंकडे त्यांच्या तोफा होत्या. पुढे जहाजबांधणी आली, इटली, चिली, चीन आणि जपान ही गिऱ्हाइके आली. आपल्या यंत्रांनी कोणाला मारले जाते याची टोचणी त्यांना लागल्याचे फारसे दिसत नाही. शस्त्र बनवणारा एक आणि ते चालवणारा दुसरा, अशी वकिली वाटावी अशी विभागणी त्यांनी मनाशी केलेली होती.

१८७६ मध्ये टाइनवरचा फिरता पूल सुरू झाला तो या दोन्ही धाग्यांची गाठ होती. त्याआधीचा दगडी पूल मोठ्या जहाजांना एल्सविकपर्यंत येऊ देत नसे. आर्मस्ट्राँग यांच्या कारखान्याने पाण्याच्या दाबावर वळणारा लोखंडी पूल बांधला. तो मधल्या खांबावर फिरून नदीच्या दिशेला सरळ होतो आणि दोन्ही बाजूंनी वाट मोकळी करतो. त्यातून वर गेलेले पहिले जहाज इटलीचे युरोपा होते, आणि ते आले होते एल्सविकची शंभर टनी तोफ नेण्यासाठी.

तोफांहूनही मला अस्वस्थ करते ते १८७१ चे वर्ष. टाइनकाठच्या यंत्रकामगारांनी दिवसाला नऊ तास कामाची मागणी केली. शेजारच्या संडरलंडमध्ये ती मान्य झाली होती. कामगारांचा पुढारी जॉन बर्नेट हा एल्सविकमध्येच काम केलेला कारागीर, आणि मालकांच्या आघाडीचे अग्रणी आर्मस्ट्राँग. मे महिन्यात संप सुरू झाला आणि सुमारे पाच महिने चालला. मालकांनी परदेशांतून माणसे आणवली. त्यातील कित्येक जण वस्तुस्थिती कळताच परत गेली. वृत्तपत्रांतून उभयपक्षी पत्रे झडली आणि लोकमत हळूहळू कामगारांकडे झुकले. ऑक्टोबरमध्ये मालकांनी माघार घेतली. ५४ तासांचा आठवडा मान्य झाला. बर्नेट यांना पुढे सरकारनेच कामगारविषयक माहिती गोळा करणाऱ्या पदावर नेमले.

आर्मस्ट्राँग हे कंजूष किंवा क्रूर मालक नव्हते. कामगारांसाठी त्यांनी शिक्षणसंस्था काढली होती, शहराला पुढे उद्याने दिली. पण देणे निराळे आणि मागणी मान्य करणे निराळे. देताना तरफ आपल्या हातात असते. चढत्या दाबाला वाट करून देणारी झडप ज्यांनी क्रेनमध्ये बसवली, त्यांना तशीच सोय स्वतःच्या कारखान्यात सुचली नाही. पाच महिने सारे काही कोंडून राहिले आणि शेवटी सांधा तुटला तो त्यांच्याच बाजूचा. त्या संपानंतर रोजच्या कारभारातून ते मागे सरले आणि कारखाना अँड्र्यू नोबल प्रभृती सहकाऱ्यांच्या हाती गेला.

ते मागे सरले ते रॉथबरीला. बालपणीच्या त्या गावाजवळ १८६३ पासून त्यांनी क्रॅगसाइड हे घर उभारायला घेतले होते. पुढे वास्तुविशारद नॉर्मन शॉ यांनी त्याला आजचे भव्य रूप दिले. उघड्या खडकाळ टेकड्यांवर त्यांनी झाडे लावली. वृक्षांची संख्या सत्तर लाख सांगितली जाते. ओहोळ अडवून तळी केली आणि त्या पाण्यावर घरातली लिफ्ट चालवली, स्वयंपाकघरात मांस भाजायची सळई फिरवली. १८७८ मध्ये एका तळ्याच्या पाण्यावर जनित्र फिरवून चित्रदालनात विजेचा दिवा लावला; दोन वर्षांनी न्यूकॅसलचेच जोसेफ स्वॉन यांनी बनवलेले तप्त तंतूचे दिवे तेथे आले. जलविद्युतवर उजळलेले जगातील पहिले घर म्हणून क्रॅगसाइड ओळखले जाते. ग्रंथालयातील दिवे मिनाकाम केलेल्या फुलदाण्यांवर बसवलेले होते आणि फुलदाणी पाऱ्याच्या लहान वाटीत उभी असे. दिवा मालवायचा तर फुलदाणी उचलायची. नियंत्रणाची हौस शेवटपर्यंत फिटली नाही, असे ही सोय पाहताना वाटते.

याच गृहस्थांनी १८६३ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या न्यूकॅसल येथील अधिवेशनात अध्यक्षपदावरून कोळशाच्या उधळपट्टीवर बोट ठेवले होते. वापर असाच वाढत गेला तर देशातील कोळसा सुमारे दोन शतकांत संपेल, असा त्यांचा हिशेब होता. पुढे सूर्याच्या उष्णतेपासून शक्ती मिळवण्याचाही त्यांनी आग्रह धरला. कोळशाच्या राजधानीत, कोळशाच्या खाणमालकांसमोर हे बोलण्यास धैर्य लागते. त्यांच्या कारखान्याच्या भट्ट्या मात्र कोळशावरच पेटत राहिल्या.

१८८७ मध्ये ते लॉर्ड झाले. १८९३ मध्ये मार्गारेट गेल्या. त्यांना मूल नव्हते. दुसऱ्याच वर्षी ऐंशी ओलांडलेल्या या माणसाने समुद्रकाठचा बँबरो किल्ला विकत घेऊन त्याचा जीर्णोद्धार आरंभला. तो पुरा झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्याच १८९४ साली लंडनचा टॉवर ब्रिज खुला झाला. त्याचे दोन्ही पंख उचलणारी पाण्याच्या दाबाची यंत्रे त्यांच्या कंपनीची होती, वाफेच्या पंपांसह आणि त्याच जुन्या संचायकांसह. वाचकांपैकी अनेकांनी पाहुण्यांना तो पूल दाखवला असेल. पुढच्या वेळी दक्षिण टोकाच्या यंत्रघरातही डोकवावे. जुनी यंत्रे तेथे जपलेली आहेत. १९७० च्या दशकात पाण्याच्या जागी तेल आणि वाफेच्या जागी वीज आली, नियंत्रणे बदलली. पंख मात्र तेच राहिले. जुन्या ट्रेलरचा मालक आज जे करतो तेच तेथे मोठ्या प्रमाणावर घडले.

२७ डिसेंबर १९०० रोजी क्रॅगसाइड येथे वयाच्या नव्वदाव्या वर्षी आर्मस्ट्राँग यांचे निधन झाले. एल्सविकच्या कारखान्याची आज जवळजवळ काही खूण उरलेली नाही आणि न्यूकॅसलच्या धक्क्यावर, जेथे ती पहिली क्रेन उभी होती, तेथे आता उपाहारगृहे आहेत. क्रॅगसाइड राष्ट्रीय न्यासाकडे आहे. २०१४ पासून तेथे पाण्याने फिरणाऱ्या एका मोठ्या मळसूत्रावर पुन्हा वीज तयार होते. रॉथबरीच्या चर्चच्या आवारात मार्गारेट यांच्या शेजारी त्यांची समाधी आहे. खालून कोकेट वाहते, आणि हंगामात तिच्या काठी कोणी ना कोणी गळ टाकून बसलेले असते.